कट म्हणेपर्यंत

मंगळवारी दुपारी मी वाडीवर पोचले तेव्हा आई अंगणात बसून स्वतःच्या धुतलेल्या लुगड्याला चिखल लावत होती.

"हे काय गं, आये?"

"उद्याची तयारी," ती म्हणाली. "त्या लोकांचा चिखल डब्यातला असतो. अंगाला खाज सुटते. त्यापरीस आपल्या बांधाचा बरा."

दुसऱ्या दिवशी शूटिंग होतं. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात डोंगर आहेत, नदी आहे आणि मुंबई दोन तासांवर आहे, त्यामुळे इथे बाराही महिने कसलं ना कसलं चित्रीकरण चालू असतं. हिरोच्या मागे उभी करायला माणसं लागतात. कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला आमची ठाकरांची वाडी. शेतात काम नसलं की वाडीतल्या बायका या कामाला जातात. कामाचं नाव गर्दी. "उद्या गर्दीला जायचंय" असं आमच्याकडे सहज म्हणतात.

आई अठ्ठावन्न वर्षांची होती आणि अकरा सिनेमांत होती. "दोनदा दुष्काळात मेले, चारदा हिरोचं लगीन लावलं, मैतं किती केली ते मोजलं नाय," असं सांगायची. एकाही सिनेमात तिचा चेहरा ओळखू येत नाही. एकात पाठ दिसते. ती पाठ तिने मोबाइल थांबवून सगळ्या वाडीला दाखवली होती.

शेजारची चिमामावशी तिचं लुगडं घेऊन आली आणि त्याच चिखलात हात घालून बसली. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी.

"स्टोरी काय आहे यात?" मी विचारलं.

"कंपनीनं भिंत बांधली, पानी अडवलं," चिमामावशी म्हणाली. "गाव वाट बघतंय."

"कोणाची?"

"त्याची. इमानातनं येतोय."

"मी इचारलं त्या पोरीला," आई म्हणाली, "ती हातात कागद घेऊन पळत असते ना, तिला. म्हटलं, तो येईपरेंत गावानं पानी काय प्यालं? तर म्हणे, मावशी, ते स्टोरीत नाहीये."

"आनि कुदळी सांग."

"हां, कुदळी. चाळीसजणी आमी, चाळीस कुदळी दिल्यात. मी म्हटलं, बाय, चाळीस कुदळी हायत तर भिंत घंट्याभरात खाली येल. तर म्हणे, नाही नाही, तुम्ही फक्त धरायच्या. मारायचं त्यानं."

"एकटाच मारनार. बारीक बारीक हात हायत त्याचे, मी बघितले," चिमामावशी म्हणाली. "भिंत थर्माकोलची हाय म्हनून बरं."

दोघी हसत होत्या. मी नीट हसले नाही. पुढच्या आठवड्यात मला एका चर्चासत्रात निबंध वाचायचा होता. लोकप्रिय सिनेमातला एकटा नायक आणि त्याच्या मागे उभा असलेला समूह, हा विषय. मी कर्जतच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. आमच्या वाडीतून इतकं शिकलेली मी पहिलीच. सहा वर्षांपूर्वी मी कर्जतला खोली घेतली, आणि तेव्हापासून वाडीवर पाहुणी म्हणून येते.

निबंधात मी वाडीचीच हकीकत घातली होती. नऊ वर्षांपूर्वी झऱ्याखालची जमीन एका फार्महाऊसवाल्याने घेतली आणि झऱ्याकडे जाणारी पायवाट कुंपणात घातली. वाडीतल्या बायका हंडे घेऊन त्याच्या फाटकापाशी जाऊन बसल्या. अकरा दिवस. रोज सगळ्या. म्होरकी कोण असं विचारलं की म्हणायच्या, सगळ्या. एक पत्रकार फोटो काढायला आला. त्याला एक बाई पुढे हवी होती, डोक्यावर हंडा आणि डोळ्यांत राग असलेली. कोणीच पुढे जाईना. शेवटी तो हंड्यांचाच फोटो काढून गेला. बाराव्या दिवशी कुंपण निघालं. त्या बायकांत माझी आई होती आणि चिमामावशी होती. त्यात विशेष काही केलं असं दोघींनाही कधी वाटलं नाही. आमच्याकडे लावणी सावडीने होते, म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या शेतात, उद्या माझ्या. फाटकापाशी बसणं त्यांच्या लेखी तसंच होतं.

"तू ये की उद्या," आई म्हणाली. "बसून लिवतेस सिनेमावर. एकदा बघ तरी कसा करतात."

"बघते. तास आहेत मला."

"तास काय रोजच हायत."

संध्याकाळी मी निघाले. तिने सुकटीची पुडी माझ्या पिशवीत घातली, स्कूटीपर्यंत आली आणि म्हणाली, "डोकं झाक ते. आन फोनवर बोलत चालवू नको."

मी हो म्हटलं. एवढंच.

*

शूटिंग खालापूरच्या अलीकडे, एका बंद पडलेल्या दगडखाणीत होतं. बायका पहाटेच अब्रारच्या जीपमधून गेल्या होत्या. अब्रार कशेळ्याचा, वडिलांपासून जीपचा धंदा. आता तो शूटिंगवाल्यांना माणसं पुरवतो आणि सेटवर त्यांना कुठे, कसं उभं राहायचं तेही सांगतो. मी पहिला तास घेऊन स्कूटीवरून गेले. पोचायला अकरा वाजले.

फाटकावर मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं. आतून एक मुलगी आली. रुचिता, सहाय्यक दिग्दर्शक, सव्वीस-सत्तावीसची. आई जिला कागदवाली पोरगी म्हणत होती ती हीच. तिने माझा एक लेख वाचला होता. "मॅम, तुम्ही आमच्याकडे बसा," म्हणाली, आणि मला एका काळ्या कापडाच्या तंबूत घेऊन गेली. आत तीन पडदे होते, खुर्च्या होत्या, पंखा होता. मला खुर्ची मिळाली, थंड पाण्याची बाटली मिळाली, कानाला लावायला यंत्र मिळालं. माझी आई इथून पन्नास पावलांवर उन्हात उभी आहे, हे मी रुचिताला सांगितलं नाही. सांगायचं राहिलं असं नाही. सांगितलं नाही.

तिसऱ्या पडद्यावर गर्दी दिसत होती. खाणीच्या उतारावर चार रांगा. पहिल्या रांगेत डाव्या टोकाला आई. हातात कुदळ, मान ताठ.

भिंतीमागे पाच टँकरचं पाणी साठवलं होतं. पाणी एकदाच सुटणार होतं, म्हणून शॉट एकच. बाहेर भोंग्यातून अब्रारचा आवाज आला. "मावशी, पांढऱ्या रेषेच्या मागे. पाणी रेषेपर्यंत येणार नाही. आणि कट म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही हां."

हिरोने घण उचलला. तिसऱ्या घावाला भिंत फुटली. पाणी आलं, आणि ते रेषेवर थांबलं नाही. पहिल्या रांगेच्या पायांत घुसलं. बायका डुलल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. डाव्या टोकाला मातीच्या रंगाचं एक लुगडं कलंडलं आणि पडद्याच्या चौकटीतून खाली गेलं.

तिच्या पुढे दगडांची घळ होती. पाणी सगळं तिथेच उतरत होतं.

पहिल्या पडद्यावर हिरो त्याच पाण्यातून सावकाश चालत होता. त्याला मोठा संवाद होता, गावाला उद्देशून. मी अर्धी उठले. रुचिताने माझ्याकडे न बघताच ओठांवर बोट ठेवलं.

मी बसले.

हिरोचा संवाद संपायला एक मिनिट चाळीस सेकंद लागले. हा आकडा मला नंतर कळला. कट झाल्यावर तंबूत टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्यांवरून चिमामावशीची किंकाळी आली. मी धावत पोचले तेव्हा तिने आईला उलटी करून मांडीवर घेतली होती. घळीतलं पाणी माझ्या गुडघ्यापर्यंतच होतं. आईच्या कपाळाला खोक पडली होती, पण ती मरण्याजोगी नव्हती असं डॉक्टर म्हणाले. छातीत पाणी होतं. बेशुद्ध होऊन ती पालथी पडली होती. कोणी नुसतं तिचं तोंड वर केलं असतं, तरी पुरलं असतं.

मी रस्त्याच्या बाजूने धावत आले, म्हणून बायकांना वाटलं की मी नुकतीच पोचले आहे. चिमामावशी मला कवटाळून म्हणाली, "उशीर केलास गं बाय." मी काही बोलले नाही.

*

तिसऱ्या दिवशी सिनेमा कंपनीची दोन माणसं वाडीवर आली. चपला बाहेर काढून बसली, चहा नको म्हणाली. त्यातला मोठा मुंबईचा होता आणि चांगलं मराठी बोलत होता.

"तुमच्या आईंचं, पारूबाईंचं धाडस आम्ही सगळ्यांनी पाहिलं," तो म्हणाला. "त्या स्वतःहून रेषा ओलांडून पुढे गेल्या. सीनमध्ये इतक्या गुंतल्या की स्वतःचं भान राहिलं नाही. असं मनस्वी काम हल्ली बघायला मिळत नाही. सिनेमा त्यांना अर्पण करायचा आमचा विचार आहे. सुरुवातीलाच नाव येईल."

"त्या पुढे गेल्या नाहीत," मी म्हटलं.

"मॅडम, बाकीच्या एकोणचाळीस बायका रेषेच्या मागे सुरक्षित होत्या. एकच पुढे होती."

हे वाक्य मला पूर्ण समजायला दिवस लागला. समजल्यावर मी खोलीत बसून हातातला पेला भिंतीवर मारला. मी असं काही करणारी बाई नाही. पण त्या माणसाची कारागिरी बघा. अकरा सिनेमांत जिचा चेहरा त्यांनी दाखवला नाही, तिला मेल्यावर ते रांगेतून बाहेर काढून एकटी उभी करत होते. एकटी, निडर, मनस्वी. कारण जी एकटी पुढे जाते तिची जबाबदारी तिची एकटीची असते. रेषा कोणी आखली, भिंत कोणी उभी केली, पाणी कोणी सोडलं, हे मग कोणी विचारत नाही. हिरो करून टाकलं की प्रश्न मिटतो. मी हे वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं होतं. खडूने फळ्यावर लिहून शिकवलं होतं.

आणि मी काय केलं, तेही बघा. मी एकटीने अर्ज लिहिला. चार पानी, मुद्देसूद, एकही चूक नसलेला. वाडीवर कोणाला विचारलं नाही. त्यांना काय कळणार अर्जातलं, असं मनात आलं असणार. पोलीस ठाण्यात एकटी गेले, एकटीने पोच घेतली. अर्जात एक वाक्य होतं: 'माझी आई पाण्यात पडलेली असताना तेथे उपस्थित असलेल्या चाळीस व्यक्ती नुसत्या बघत उभ्या राहिल्या.' ते लिहिताना मला फार राग आला होता, आणि रागात लिहिलेलं वाक्य बरं जमतं, म्हणून ते तसंच ठेवलं. चाळीस. मी मोजून लिहिलं. आईला सोडून बायका एकोणचाळीस होत्या. चाळिसावा अब्रार.

एका स्थानिक पेपरात बातमी आली. 'आईच्या न्यायासाठी एकटी लेक मैदानात'. माझा फोटो, कॉलेजच्या पायरीवरचा, हातात अर्ज. पत्रकाराने जरा वर बघा म्हटलं आणि मी वर बघितलं. सहकाऱ्यांचे फोन आले. कोणी वाघीण म्हणालं. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

मग ठाण्यातून बायकांना जबाबाला बोलावणं सुरू झालं. एकेकटीला. तपास अधिकारी माझ्या अर्जातलं ते वाक्य वाचून दाखवायचा आणि विचारायचा, तुम्ही बघत उभ्या होतात का? सहाजणी गेल्या. सहाही जणी म्हणाल्या, आमाला काय दिसलं नाय.

दहाव्याला सगळ्या वाडीवरच होत्या. चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या, आईच्या नावाचं पान ठेवलं. माझ्याशी कोणी बोललं नाही. मला वाटलं, शरमेने बोलत नाहीत.

*

पुढच्या रविवारी सकाळी अब्रारचा फोन आला. "ताई, चिमामावशी बोलावतेय. आताच या."

चिमामावशीच्या अंगणात सगळ्या बसल्या होत्या. अब्रार पायरीवर. मला कोणी बस म्हटलं नाही. मी माझीच बसले.

"तुझा कागद मला जैतूच्या पोरीनं वाचून दाखवला," चिमामावशी म्हणाली. "सगळा. चांगला लिवलायस. आता मला सांग, चाळीस मानसं बघत उभी होती, हे तू कोनाला धरून लिवलंस?"

"जे झालं ते लिहिलं."

"झालं ते. तुला म्हाईत हाय काय झालं?"

"मावशी, एवढं सोपं होतं. गुडघाभर पाणी. कोणीतरी एकीने..."

"एकीनं." तिने शब्द थुंकल्यासारखा टाकला. "एकीनंच करायचं असतं ना तुमच्याकडं. आम्ही सहाजणी तिथं टेबलापुढं उभ्या राहिलो, एकेक. तो वाचतो, तुमी बघत होत्या का. हो म्हटलं तर आमीच मारलं तिला. नाय म्हटलं तर त्या कंपनीचं खरं. तू आमाला दोन्हीकडनं बांधून ठेवलंस आन पेपरात फोटो काढलास."

"चेहरा चांगला आलाय पन," मागून कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही.

माझाही राग वर आला. "मग का नाही हललात? लावणीत एखादी वाकलेली उठली नाही तर सगळी रांग थांबते आपल्याकडे. मी लहानपणापासून बघत आलेय. त्या दिवशी काय झालं होतं तुम्हाला? कोण कुठला तो, भोंग्यात बोलला हलू नका, आणि तुम्ही..."

"भोंग्याचं नाय ऐकलं आमी," चिमामावशी म्हणाली. "तुझ्या आयचं ऐकलं."

धाकलूची सून, माझ्याहून लहान, खाली बघत होती.

"गेल्या मे महिन्यात पळसदरीला होतो," चिमामावशी म्हणाली. "दुपारी बाराचं ऊन. शॉट लागला की कोनतरी हलायची. कोनाला माशी, कोनाला खोकला. परत पयल्यापासनं. पाच वेळा, सहा वेळा. सहाव्याला ही धाकलूची सून आडवी झाली. दोन महिन्यांची पोटुशी होती. घरी आल्यावर गेलं ते पोर. तुला कोनी सांगितलं नाय, तू पावनी. तवा पारूनं हितंच, याच अंगनात सगळ्यांना बसवलं. म्हनाली, एक हलली की चाळीसजणी परत उन्हात. म्हनून काय बी होवो, कट म्हनेपरेंत कोनी हलायचं नाय. कंपनीसाठी नाय, आपल्यासाठी. सगळ्यांनी हो म्हटलं. तवापासनं एकदा बी परत घेतला नाय त्यांनी. ऊन निम्मं झालं आमचं."

चिमामावशी माझ्याकडे वळली.

"पानी आलं, ती पडली. मी तिच्या शेजारी. मला वाटलं आता उठेल. पारू पडल्यावर उठतेच. आन मनात दुसरं काय होतं सांगू? मी हलले तर हीच वरडेल मला. तीच वरडेल, नियम तिचा." तिने पदर तोंडावर दाबला, मग काढला. "रोज मरते मी त्यानं. तुझ्या कागदाची गरज नाय मला."

अब्रार पायरीवरून म्हणाला, "ताई, माझं एक आहे. रेषा मीच मारली. आदल्या संध्याकाळी, त्यांच्याच मापाने. सकाळी कॅमेऱ्यासाठी त्यांनी भिंत सहा-सात फूट पुढे ओढली. मी म्हटलं, रेषा मागे घेऊ का? तर म्हणाले, वेळ नाही, उन्हाची दिशा जाईल. पाणी रेषेपर्यंत येणार नाही हे मला त्यांनी सांगितलं आणि मी मावशींना सांगितलं."

"हे जबाबात का नाही सांगितलंस?"

"एकट्याने?" तो म्हणाला. "उद्या मला या पट्ट्यात कोण कामाला बोलावणार? आणि तुमच्या अर्जात चाळीसमध्ये मीपण आहे. आधीच आरोपी झालोय, आणखी काय बोलू?"

चिमामावशीने सगळ्यांवरून नजर फिरवली. "आमचं ठरलंय. उद्या सोमवारी सगळ्या जायच्या. एकेक नाय. तो म्हनेल एकेक या, तर बाहेर बसायचं, दिवस जाऊ दे, दोन जाऊ दे. भिंत सरकली ते अब्रार सांगेल, आमी मागनं सगळ्या सांगू, आमी बी बघितली. कट म्हनेपरेंत का हललो नाय ते बी सांगू, धाकलूच्या सुनेचं सांगू. पारूचा नियम सांगू. लपवायचं काय बी नाय. आमची चूक ती आमची, त्यांची ती त्यांची."

"मी येते," मी म्हटलं.

"ये. पन ते वाक्य काढ. दुसरा कागद लिव, आमच्यासमोर लिव, आन वाचून दाखव."

"काढते."

तिचा आवाज जरा खाली आला. तिला माझी दया आली असावी, आणि ती दया मला त्या क्षणी सहन झाली नाही. "तुझं बी बरोबर हाय, बाय. तू नव्हतीस तिथं. कट झाल्यावर पोचलीस. जो नव्हता त्याला वाटनारच की कोनीतरी हलायला हवं होतं. आपन असतो तर हललो असतो, असं वाटतंच मानसाला. आमी तुझ्यावर धरून नाय बसनार ते."

बाकीच्या माना हलल्या. धाकलूची सून उठली आणि तिने माझ्यासाठी तांब्याभर पाणी आणून ठेवलं. सगळं मिटत होतं. मी गप्प बसले असते तर उद्या त्या सगळ्यांबरोबर जीपमध्ये बसून गेले असते, त्यांच्यातली एक होऊन, आणि नव्या अर्जात माझ्याबद्दल एक शब्दही लागला नसता. हिरो एकटा असतो याचा मला राग आहे असं मी म्हणते. खरं तर त्याला कोणी विचारत नाही की तू तेव्हा कुठे होतास, याचा मला हेवा असावा.

रुचिताचं ते बोट मला दिसत होतं. तिने माझ्याकडे बघितलंही नव्हतं.

"मावशी, मी होते," मी म्हटलं.

"कुठं?"

"तिथंच. अकरा वाजल्यापासून. तो काळा तंबू होता ना, त्यात. त्यांनी मला खुर्ची दिली होती. समोर पडद्यावर तुम्ही सगळ्या दिसत होतात." माझा आवाज वर्गात असतो तसाच येत होता आणि मला तो थांबवता येत नव्हता. "आई पडली ते मी पाहिलं. ती आईच आहे हे मला कळलं. मी उठले. एका पोरीने गप्प म्हणून खूण केली आणि मी परत बसले. उन्हात नव्हते. पंख्याखाली होते. पोटुशी नव्हते, माझ्यामुळे कोणाला परत उभं राहावं लागणार नव्हतं, माझा कोणाशी काही नियम ठरला नव्हता. मला फक्त त्या लोकांसमोर बरं दिसायचं होतं. तुम्ही सगळ्या एकमेकींसाठी उभ्या होतात, मावशी. मी त्यांच्यासाठी बसले. कट म्हणेपर्यंत बसले."